गंगक्काच्या परसातला भोपळा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मधे मला थांबायला नको. कारण या किश्श्यात ज्याची फजिती झाली तो माणूस मीच आहे. ऐकताना तुम्ही एकदा तरी म्हणणार, "अहो, तुमच्यासारख्या माणसाला कळलं नाही?"

नाही कळलं! आयुष्य बातमीदारीत गेलं. धारवाडात कुठली पाण्याची टाकी गळते, कुठल्या रस्त्याचं डांबर कुणाच्या अंगणात पसरलंय, हे मला आधी कळायचं आणि मग सरकारी साहेबांना. तरी नाही कळलं. आता बोला!

त्याचं असं झालं. वसुधा, म्हणजे माझी बायको, लेकीच्या बाळंतपणासाठी कॅनडाला गेली. बाळंतपण झालं. बारसं झालं. मग बाळ पालथं पडायला लागलं. मग बसायला लागलं. मग त्याला दात यायला लागले. माझ्या माहितीप्रमाणे बाळं आयुष्यभर काही ना काही करतच राहतात. ते सगळं बघून मग यायचं म्हटलं तर झालंच की!

घरात भांडायला माणूस नसणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगून कळणार नाही. सकाळी पेपर वाचून मी ओरडतो, "बघ, बघ, काय लिहिलंय हे!" आणि समोर खुर्ची. चहाचं आधण ठेवायचं तर हात दोघांच्याच मापानं पाणी ओततो. दुसरा कप टाकवत नाही, तोही मीच पितो, आणि मग दिवसभर पित्त. दूधवाल्याशी भांडून बघितलं. दुसऱ्या दिवसापासून तो पिशवी फाटकाला अडकवून पळायला लागला.

व्हिडिओ कॉल असतो रोज. मधेच चित्र अडकतं. वसुधाचं तोंड अर्धवट उघडं, डोळे मिटत आलेले, नाकापाशी चष्मा. लेक म्हणते, "बाबा, बंद करून परत लावा." मी लगेच लावत नाही. जरा वेळ तसंच ठेवतो. अडकलेली तर अडकलेली, समोर तर असते!

"मग सरळ 'ये' म्हणायचं," असं तुम्ही म्हणाल. अहो, असं कसं म्हणायचं? मागणी करायची ती जनतेच्या वतीनं, हेच आम्ही शिकलो. स्वतःसाठी मागायची सवयच नाही. मी आपला आडून आडून सुचवायचो.

"तुळस सुकत चाललीय."

"पाणी घाला."

"मिक्सर बिघडलाय."

"दुरुस्तीला द्या."

"पाठ धरलीय गं कालपासून."

"गंगक्काला विचारा. नर्स होती ती, सांगेल काहीतरी."

गंगक्का म्हणजे आमची शेजारीण. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली, नवरा नाही, मुलगा बेंगळुरात. तिच्या आणि आमच्या परसात एक पुरुषभर उंचीची भिंत. वसुधा असताना त्या भिंतीवरून वाट्या इकडून तिकडं जायच्या. ती गेल्यावर भिंत नुसती भिंत उरली.

आणि एक दिवस वसुधानं फोन फिरवून लेकीच्या शेजाऱ्याचं अंगण दाखवलं. तिथं भोपळा. भोपळा म्हणजे काय सांगू! मला आधी वाटलं, कुणीतरी नारिंगी कापड घालून मोटार झाकून ठेवलीय.

"बघितलंत? घरच्या घरी काढलाय त्यानं. सगळं सेंद्रिय खत. नाहीतर आपलं परस! नुसतं तण."

"त्यात काय मोठंसं?" माझं डोकं फिरलं. "आपल्या धारवाडच्या मातीत याच्या दुप्पट येईल!"

"मग काढा की!" ती खळखळून हसली. "ज्या दिवशी असा भोपळा दाखवाल, त्या दिवशी मी तिकीट काढते."

ती हसत बोलली हो. पण मी तो जाहीर शब्द धरला. भोपळा आला की वसुधा आली! इतका सोपा हिशेब मला आयुष्यात कुणी दिला नव्हता.

राक्षसी भोपळ्याचं बी ऑनलाइन मागवलं. भिंतीच्या कडेला खड्डा खणला. बी लावणं सोपं, प्रश्न खताचा. सुभाष रोडवर बी-बियाण्याचं, खतांचं एक जुनं दुकान आहे. मालक शेट्टर. त्याच्यासमोर मी स्टूल ओढून बसलो.

"हे गांडूळखत सेंद्रिय आहे कशावरून?"

"पोत्यावर लिहिलंय की, सर."

"लिहिलं कुणी?"

"कंपनीनं."

"म्हणजे आरोपीच म्हणतोय मी निर्दोष आहे!"

शेट्टरनं चष्मा काढून पुसला. "सर, तुम्हाला खत घ्यायचंय की केस चालवायचीय?"

असल्या बोलण्यानं मी गप्प बसणारा नव्हे. चार जाणत्यांना विचारलं. एक म्हणाला, कुजलेलं शेणखत. दुसरं काही घातलंत तर पस्तावाल. दुसरा म्हणाला, शेणखतानं मुळं खाणारी हुमणी लागते, गांडूळखतच घाला. तिसरा म्हणाला, शेंगदाण्याच्या पेंडीशिवाय भोपळा फुगतच नाही. चौथ्यानं मला कोपऱ्यात ओढून जीवामृताचं नाव असं कानात सांगितलं, जसं काही मंत्र्याच्या राजीनाम्याची बातमी फोडतोय. जो तो दुसऱ्याच्या खताला विष म्हणत होता. एकमेकांविरुद्ध उभे राहिलेले उमेदवारसुद्धा यांच्यापेक्षा गोड बोलतात!

मग मी काय केलं? जे बातमीत करत आलो तेच. चारही बाजूंना सारखी जागा दिली.

हसा, हसा.

शेणखत घातलं. त्यावर गांडूळखत. त्यावर पेंड. आणि शेण, गोमूत्र, गूळ, बेसन कालवून ड्रमभर जीवामृत आंबवत ठेवलं. काय तो वास! पोस्टमन फाटकातूनच पाकिटं भिरकवायला लागला. गंगक्कानं भिंतीपलीकडून विचारलं, "अण्णा, काही मेलंय काय हो तिकडं?"

"काही मेलं नाही! जगवायचं चाललंय!" मी ठणकावलं.

आणि वेल उठला! त्याला वाढणं म्हणता येणार नाही, अतिक्रमण म्हणावं लागेल. एकेक पान छत्रीएवढं. आधाराला बांधलेली दोरी खाल्ली, तुळशीचा कट्टा झाकला, कपडे वाळत घालायची तार गेली, आणि एके दिवशी भिंत चढून तो पलीकडं उतरला.

लगेच भिंतीपलीकडून हाक. "अण्णा, तुमचा वेल इकडं आलाय हो."

"येऊ दे. हात लावू नका, अक्का. पानालासुद्धा हात लावायचा नाही. त्या वेलावर माझं फार काही अवलंबून आहे."

"तसं नव्हे अण्णा, जरा येऊन बघा तरी..."

"बघायचं काय त्यात? वेल माझा, त्याचं काय करायचं ते मी बघीन. तुम्ही फक्त हात लावू नका म्हणजे झालं!"

"बरं बा. नाही लावत." आणि तिचं दार धाडकन लागलं. त्यानंतर आमचं बोलणंच बंद झालं. मला वाटलं, एक वाद तरी जिंकलो.

इकडं माझ्या परसात पानंच पानं. फुलं यायची, सकाळी पिवळीधमक उघडायची, दुपारी गळून पडायची. सगळी नर. फळाचं नाव नाही. आणि मी? मी आधीच तारिहाळच्या एका कारखान्यातल्या मित्राकडून माल तोलायचा मोठा लोखंडी वजनकाटा उसना आणून परसात मांडून ठेवला होता! सकाळी उठून त्या रिकाम्या काट्याकडं बघायचं, हा माझा व्यायाम.

"काय म्हणतोय भोपळा?" वसुधा रोज विचारायची.

"जोरात आहे. लवकरच."

'लवकरच' हा शब्द आयुष्यभर मी साहेबांच्या तोंडून ऐकला आणि दर वेळी चिडून छापला. आता तो माझ्याच तोंडात बसला होता. ती गालातल्या गालात हसायची. मला वाटायचं, माझी फजिती हिच्या लक्षात आलीय. फोन ठेवला की वेलाची पानं उचलून उचलून बघायचो. एखादा तरी दिसू दे रे! एवढासा का होईना. नेम धरून फोटो काढला तर मोठा दिसेल.

शेवटी उरलेलं गांडूळखत घेऊन शेट्टरच्या दुकानात गेलो. गिऱ्हाइकांसमोर पोतं आपटलं.

"भेसळ! उघड उघड भेसळ! एक फळ धरलं नाही!"

"सर, दुसरं काय काय घातलं होतंत?"

"सगळं."

"सगळं म्हणजे?"

"शेणखत, हे, पेंड आणि जीवामृत."

शेट्टर अगदी मायेनं म्हणाला, "सर, कोवळ्या पानांची भाजी चांगली होते. लसूण जास्त घाला."

दुकान हसलं. मी पोतं तिथंच टाकून आलो.

दसरा जवळ आला होता. एका सकाळी फाटकात गंगक्का उभी. इतक्या दिवसांनी!

"अण्णा, जरा येता काय आमच्या परसात? कुंबळकाई कापायचं आहे. फार मोठं झालंय बघा."

कुंबळकाई म्हणजे भोपळाच. आमच्याकडं मराठी घर असो की कानडी, अख्ख्या भोपळ्याला बाईमाणूस पहिली सुरी लावत नाही. घरातल्या पुरुषानं पहिला काप द्यायचा, पुढचं त्या बघतात. वसुधा असताना मी फोनवर कुणाशी तरी तावातावानं बोलत असायचो, ती न बोलता भोपळा आणि सुरी समोर ठेवायची, मी न बघता एक घाव घालायचो. इतक्या महिन्यांत मला कुणी भोपळा कापायला बोलावलं नव्हतं. मी धुतलेला सदरा घालून निघालो.

गंगक्काच्या घरातून मागं गेलो आणि पायरीवरच थांबलो. भांडी घासायच्या कट्ट्याशेजारी, पोत्यावर, तो बसला होता. मिठीत मावणार नाही असा. तुकतुकीत, पोटाला घड्या पडलेला, एखाद्या सावकारासारखा.

एवढा. बरोबर एवढाच हवा होता मला.

"अक्का... हा इथं आला?"

"इथंच की. बघता बघता आला."

"खत काय घातलंत?"

"मी कुठलं घालणार? भांड्यांचं पाणी जातं तिकडं, बंबातली राख टाकते. बाकी सगळं तुमचंच."

आता इथं एक गोष्ट समजून घ्या. आमच्या धारवाडकडं कुणी 'माझं' म्हणत नाही. "घर छान आहे, तुमचं आहे काय?" विचारलं तर यजमान म्हणतो, "तुमचंच." "पोरगा गोड आहे." "तुमचाच की." ही आमची रीत. बाहेरचा माणूस आला तर त्याला वाटेल, या गावात सगळी मालमत्ता पाहुण्यांच्या नावावर आहे. तेव्हा गंगक्का 'तुमचंच' म्हणाली, ते मी चहाबरोबर साखर घ्यावी तसं घेतलं.

तरी शहानिशा केली हो! उकिडवं बसून वेल तपासला. कट्ट्याच्या ओलीत त्यानं चांगली पांढरी मुळं धरली होती. म्हणजे इथलाच. प्रश्न मिटला.

"आणि बी?"

"तेही तुमच्याकडूनच आलं की, अण्णा!" ती हसली.

मीही हसलो. किती ही नम्रता!

"मग कापायचा कशाला? असू द्या की असाच. बघायला बरा वाटतो."

"खालून ओल लागतीय, नासून जाईल. आणि मला भांडी घासायला जागा नाही उरली. पण तुमच्याशिवाय कसा हात लावायचा?"

"बरोबर आहे. पुरुषमाणूस पाहिजेच."

ती जरा गोंधळलेली दिसली. पण सुरी हातात दिली. गल्लीतल्या दोन-तीन बायका ताटं घेऊन जमल्या होत्या. मी देठ छाटला, भोपळ्यावर हात ठेवला. गार होता. डोळे मिटून मनात म्हटलं, वसुधा, तू बघायला हवी होतीस. आणि घातला घाव! आत केशरी रंग असा, की दिवाळीचा आकाशकंदील फोडलाय वाटावं.

"अण्णा, तुम्हाला किती ठेवू?" गंगक्कानं विचारलं.

"एक फोड द्या. बाकी गल्लीत वाटून टाका."

"एकच? एवढ्यातली?"

"एकट्याला किती लागणार, अक्का?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "फार मोठं मन हो तुमचं."

"त्यात काय!" मी विनयानं म्हणालो. दुसऱ्याचा भोपळा वाटायला मोठं मन लागतं, हे मलाही तेव्हाच कळलं. तेवढ्यावर थांबलो असतो तर निदान इज्जत राहिली असती. पण बायका जमलेल्या, हातात सुरी. मी भाषण ठोकलं! "बघा, याला म्हणतात भोपळा! राखेवर आणि भांड्यांच्या पाण्यावर! नाहीतर माझा वेल. चार प्रकारची खतं खाऊन वांझ! गंगक्कांकडून शिका!"

एक बाई हळूच म्हणाली, "पण अण्णा, वेल तर..."

"वेलाचं नाव काढू नका!" मी म्हणालो आणि फोड घेऊन घरी आलो.

स्वयंपाकघरात फोड ठेवली आणि समोर बसलो. दुसऱ्याच्या परसात न मागता येतो, आणि मी ज्याच्यासाठी जीव टाकला तो येत नाही. हा काय न्याय? दसरा जाणार, दिवाळीही जाणार, पणत्या मी एकटा लावणार. डोकं भडकलं. उठलो, कोयता घेतला, वेल बुडातून छाटला आणि दोन्ही हातांनी ओढायला लागलो.

भिंतीपलीकडून आरडाओरडा! "अण्णा! ओढू नका! बादली सांडली माझी!"

मी थबकलो. पुन्हा जरासा ओढला.

"अय्यय्यो! ताटं चालली!"

मी वजनकाट्यावर चढलो आणि भिंतीवरून डोकावलो. वेल माझ्या मुठीतून निघत होता, भिंत चढत होता, पलीकडं उतरत होता, बादलीला वेढा घालून कट्ट्यापाशी जात होता, आणि जिथं मी तासाभरापूर्वी देठ छाटला होता तिथं संपत होता.

"अक्का..." मी हाक मारली. "तो भोपळा..."

"तुमचाच की!"

"तुमचाच म्हणजे... नुसतं तुमचाच, की खरोखर माझाच?"

गंगक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अण्णा, तुमचाच म्हणजे तुमचाच! माझा कुठला? हात लावू नका म्हणालात, मी नाही लावला. पोतंसुद्धा काठीनं सरकवलं त्याच्याखाली!"

मी काट्यावरून खाली उतरलो की पडलो, आठवत नाही. ज्या भोपळ्यावर बायकोचं येणं टांगलं होतं, तो मी माझ्या हातानं कापला, भाषण करून वाटला, वर मोठं मन म्हणून कौतुकही करून घेतलं! गल्लीतल्या घराघरांतून फोडणीचा वास यायला लागला होता. फोडी मागून आणून जोडता येतील का, असाही विचार येऊन गेला. खरंच आला.

तेवढ्यात फोन. व्हिडिओ कॉल. वसुधा.

"कापलात म्हणे भोपळा."

"तुला... तुला कुणी सांगितलं?"

"गंगक्कानं. तिनं विचारलं, नासेल म्हणतेय, काय करू? मी म्हटलं, त्यांना बोलावून कापून घे. किती छान फोटो आलाय तुमचा! डोळे मिटून काय करत होता हो?"

"वसुधा, तुला आधीपासून माहीत होतं?"

"ती फोटो पाठवायची की मला. तुम्ही 'लवकरच, लवकरच' म्हणायचात, मला वाटलं मला चकित करणार आहात. मग कळलं, तुम्हालाच पत्ता नाही!" ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"मग सांगायचं नाहीस?"

"म्हटलं, बघू, बातमी लागते का तुम्हाला."

मी म्हटलं, "पण आता दाखवायला भोपळाच नाही. तिकिटाचं काय?"

पडद्यावर ती हलेना. मला वाटलं, चित्र अडकलं. पण अडकलं नव्हतं. ती नुसतीच माझ्याकडं बघत होती.

"अहो," ती म्हणाली, "गंगक्कानं पहिला फोटो पाठवला ना, त्याच दिवशी काढलं मी तिकीट."

"केवढा होता तेव्हा?"

"लिंबाएवढा."

काय सांगू तुम्हाला! मी तोंड फिरवून खोकल्यासारखं केलं. बराच वेळ खोकलो.

"येत्या शुक्रवारी सकाळी धारवाडात पोचते," ती म्हणाली. "आता नाक पुसा."

फोन ठेवला आणि पळालो. चपलासुद्धा घातल्या नाहीत. आयुष्यातली सगळ्यात मोठी बातमी, आणि ती सगळ्यांच्या आधी मला लागली होती! गंगक्काच्या दारात धापा टाकत उभा राहिलो.

"अक्का! अक्का, ऐकलंत काय? आमची ही येतेय! शुक्रवारी!"

गंगक्का पातेलं घासत होती. मान वर न करता म्हणाली, "माहीत आहे की, अण्णा. स्टेशनवर जायला रिक्षा सांगून ठेवलीय मी. जागा आहे एक. तुम्हीपण चला."